ऑप्रेस की सप्रेस? दोन्हीला आपण 'दडपणं'च म्हणतो, तिथेच घोळ होतो

हे दोन्ही इंग्रजी शब्द (oppress, suppress) लॅटिनमधल्या दाबणे या अर्थाच्या क्रियापदावरून आलेत, त्यामुळे डिक्शनरी उघडली की दडपणे, दाबणे असं सगळं एकत्रच दिसतं आणि डोकं भंजाळतं. मी एक साधी गोष्ट बघते, की दाबलं कुणाला किंवा कशाला जातंय. माणसं असतील तर ऑप्रेस. म्हणजे जुलूम करणं, गांजणं, आणि तेही एकदा नाही, वर्षानुवर्षं. सावकार कुळांना गांजायचे ना, ते ऑप्रेस.

सप्रेस म्हणजे दाबून टाकणं, आणि ते करतात उठाव, बातमी, पुरावा, हसू, अगदी खोकलासुद्धा. 1857 चा उठाव इंग्रजांनी सप्रेस केला, 1878 च्या देशी वृत्तपत्र कायद्याने देशी भाषांतल्या पेपरांतली टीका सप्रेस करायला बघितली, पण रयतेला केलं ते ऑप्रेस. बातमी ऑप्रेस होत नाही हो, तिला कुठे जीव आहे!

एक गंमत, मे महिन्यातल्या जीव घुसमटवणाऱ्या उकाड्यालाही इंग्रजीत ऑप्रेसिव्हच म्हणतात, तिथे जुलमी राजा वगैरे कोणी नसतो. आणि दडपे पोह्यांना यातलं काहीच चालणार नाही, ते आपले मराठीतच बरे.