ड्रोनवर पेट्रोल-इलेक्ट्रिक हायब्रिड: उद्यमनगरातलं जोडकाम कसं आहे?

हेक्साकॉप्टरवर, म्हणजे सहा पंख्यांच्या ड्रोनवर, २.४ किलोवॉटचा हायब्रिड जनरेटर बसवून देणारं एक वर्कशॉप कोल्हापूरच्या उद्यमनगरात आहे. यंत्रकाम पाच पैकी पाच, वायरिंगला तीन.

मांडणी सिरीज हायब्रिडची. डायमंड आणि सीमेन्सच्या डीए३६ ई-स्टार विमानात २०११ साली होती तीच. टू-स्ट्रोक इंजिन पंख्याला हातच लावत नाही, फक्त वीज बनवतं; पंखे विजेच्या मोटरवर फिरतात. क्रँकवर थेट आल्टरनेटर, पुढं एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर, आणि त्याच लाइनवर १२ एस (एका ओळीत बारा सेल), ५००० एमएएचची बॅटरी. इंजिन हवेत बंद पडलं तर १.८ किलोवॉटच्या होव्हरला (हवेत एका जागी तरंगायला) ही बॅटरी जेमतेम सहा मिनिटं पुरते. म्हणजे लगेच उतरवायचं, काम पुरं करत बसायचं नाही.

खरी कारागिरी इंजिन आणि आल्टरनेटर जोडणाऱ्या कपलिंगमध्ये दिसते. डायल गेज लावल्यावर रनआउट, म्हणजे फिरताना शाफ्टचं डगमगणं, ०.०५ मिलिमीटरच्या आत. इथं चूक राहिली की आधी बेअरिंग जातं, मग मॅग्नेट घासतात. रबर माउंटही वजन बघून निवडलेले आहेत. ७००० आरपीएमला सिंगल सिलिंडरचा हादरा ११७ हर्ट्झच्या आसपास येतो. आर्डुपायलट या उड्डाण सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा नॉच फिल्टर (ठरावीक हादरा गाळणारा) तिथंच लावून घ्या. उड्डाणाच्या लॉगमध्ये व्हायब्रेशन ३० मी/से² च्या खाली आणि क्लिपिंग (हादरा सेन्सरच्या मापाबाहेर जाणं) शून्य दिसल्याशिवाय पैसे चुकते करू नका.

कागदावरच्या २.४ किलोवॉटवर मात्र विसंबू नका. कोल्हापूर साडेपाचशे मीटर उंचीवर, त्यात एप्रिलचं ऊन; हवा विरळ, म्हणून हातात २.१ च येतात. कार्बोरेटरची नीडल दुपारी, पूर्ण लोड देऊनच सेट करायला सांगा. प्लग चॉकलेटी निघाला पाहिजे. काळा निघाला तर मिक्स्चर रिच (पेट्रोल जास्त), पांढरा पडला तर पिस्टन धोक्यात.

तक्रार दोन गोष्टींची. पेट्रोलची नळी साधी देतात. पंपावरच्या ई२० (वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मधलं इथेनॉल पावसाळी हवेतलं पाणी ओढतं, साधं रबर फुगतं आणि कार्बोरेटरचा डायफ्राम कडक होतो. व्हायटॉनची (इंधनात टिकणाऱ्या रबराची) नळी मागून घ्या, पाच लिटरला १०० मिली टू-स्ट्रोक ऑइल मिसळा आणि काम संपलं की टाकी रिकामी करा. दुसरी गोष्ट रेक्टिफायरची: त्याला पंख्याचा वारा लागत नाही. हीटसिंक बाहेरच्या अंगाला घ्यायला लावा.

घ्यावं कुणी? पंचगंगेच्या काठानं तासभर सर्व्हे करणाऱ्यानं नक्की घ्यावं. १.८ किलोवॉट तासभर हवं तर दहा किलो लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी उचलावी लागते. इथं पाच किलोचा जनरेटर आणि पावणेदोन लिटर पेट्रोल, एवढ्यात भागतं. उसावर फवारणी करणाऱ्यानं मात्र या वाटेला जाऊ नये. औषधाची टाकी दहा मिनिटांत रिकामी होते, ड्रोन खाली येतोच. तेव्हा बॅटरी बदलणं सोपं, आणि जनरेटरच्या वजनाइतकं औषध जास्त उचलता येतं.