वडोदऱ्यात गरम पाणी: गॅस बॉयलर की जमिनीतला हीट पंप?

हजार लिटर पाणी २५ वरून ५५ अंशांवर न्यायला सुमारे ३५ युनिट उष्णता लागते. बॉयलर त्यासाठी साधारण ४ घनमीटर पाइप गॅस जाळतो. जमिनीतून उष्णता खेचणारा पंप १० युनिट वीज घेतो. वीज कोळशाची असेल तर प्रदूषण फारसं घटत नाही, म्हणून गच्चीवर सोलर हवंच.

बॉयलर स्वस्त, जागाही थोडी. पंपाचं यश बोअरवर ठरतं. इथली काळी माती उन्हाळ्यात भेगाळून, उष्णता गोळा करायला पुरलेल्या उथळ आडव्या नळ्यांपासून सुटते, उष्णता कमी मिळते. म्हणून बोअर उभं घ्या, त्यात एचडीपीई (टणक प्लॅस्टिक) नळी यू आकारात वाकवून सोडा आणि बेंटोनाइट (पाण्याने फुगणारी चिकणमाती) आणि वाळूचा गारा तळापासून वर भरा. वरून ओतला तर पोकळ्या राहतात.

अरुंद गल्लीत बोअर खोदणारी रिग शिरणार नसेल, तर गॅसच. मोकळा प्लॉट असेल आणि एसीही त्याच पंपावर चालणार असेल, तर पंपच घ्यावा.