सातव्या महिन्यात सुया की क्रोशे?
बाळासाठी सगळेच विणतायत. मला आईची शाल आणि नवऱ्याची कानटोपी बाळ यायच्या आत संपवायची होती.

शाल क्रोशानं घेतली. क्रोशाच्या आकडेदार सुईवर एका वेळी एकच टाका असतो, त्यामुळे घडीघडी बाथरूमला पळताना काम तसंच टाकून उठता येतं. निसटलंच तर दोन-चार टाके उसवतात. दोन सुयांवर ६० टाके लटकलेले असतात. एक गळला की खालपर्यंत टाके सुटत जाऊन शिडी! शिवाय लांब सुया पोटावर टेकतात, ते वेगळंच.

पण क्रोशे लोकर जास्त खातं, वीणही जाडसर येते. टोपीला ताण हवा, तिथे सुयाच. एक सुलट, एक उलट घातलं की काठ डोक्याला नीट धरून बसतो. टोपी अजून अर्धीच आहे.