१९ स्नॅपशॉटच्या साखळीतून सोडवलेली व्हीएम : आठ महिन्यांच्या वापरानंतर

नागपुरात वाडीला एका ट्रान्सपोर्टवाल्यांचे सर्व्हर मी सांभाळतो. बिल्टी, ई-वे बिल, हिशोब, सगळं ईएसएक्सआयवरच्या (एका सर्व्हरवर अनेक आभासी संगणक चालवणारं व्हीएमवेअरचं सॉफ्टवेअर) एकाच व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे व्हीएमवर चालतं. गेल्या मे महिन्यात ती मशीन बंद पडली आणि दीड दिवसाने परत उभी राहिली. तेव्हा जी डिस्क क्लोन (नक्कल) करून काढली, तिच्यावरच आज आठ महिने काम चालू आहे. ही पद्धत टिकते का, असं बरेच जण विचारतात, म्हणून सविस्तर लिहितो.

९ मे, सकाळचे ११. आवारात चार ट्रक भरून उभे आणि बिल्टीचा स्क्रीन जागच्या जागी थांबलेला. दिवाणजी आत आले. "भाऊ, बिल्टी निघन का नाही आज? ड्रायव्हर उन्हात उभे आहेत." होस्टवर, म्हणजे ईएसएक्सआय चालणाऱ्या खऱ्या सर्व्हरवर पाहिलं तर प्रश्न आला होता : डेटास्टोअरमध्ये (व्हीएमच्या फाइलींचा साठा) जागा संपली, पुन्हा प्रयत्न करू की रद्द करू?

इथे घाईत 'रद्द' दाबू नका. रद्द केलं की व्हीएम वीज गेल्यासारखी तडक बंद होते आणि उघडा डेटाबेस अर्धवट राहतो. माझ्याकडे चाचणीसाठी ठेवलेली १६ जीबी मेमरीची दुसरी एक व्हीएम चालू होती. मेमरी राखून ठेवलेली नसेल तर चालू व्हीएम तेवढ्याच आकाराची स्वॅप फाइल (मेमरी कमी पडली तर वापरायची) डेटास्टोअरवर धरून बसते आणि व्हीएम बंद केली की ती फाइल जाते. चाचणीची व्हीएम बंद केली, १६ जीबी मोकळी झाली, मग 'पुन्हा प्रयत्न' दाबलं. बिल्टीची मशीन जागी झाली. डेटाबेस नीट थांबवला, विंडोज रीतसर शटडाउन केली. पुढचं सगळं सावरलं ते या दहा मिनिटांमुळे, असं मी मानतो.

आता मूळ दुखणं. स्नॅपशॉट मॅनेजर उघडला तर रिकामा. फोल्डरमध्ये मात्र ०००००१ पासून ००००१९ पर्यंत फाइलींची रांग, आणि वर 'कन्सॉलिडेशन आवश्यक' (सुट्या फाइली मूळ डिस्कमध्ये मिसळायच्या राहिल्या) हा इशारा. स्नॅपशॉट म्हणजे व्हीएमची त्या क्षणाची स्थिती राखून ठेवणं. तो घेतला की मूळ डिस्कवर लिहिणं थांबतं आणि नवं लिखाण वेगळ्या डेल्टा फाइलमध्ये जातं. बॅकअपचं सॉफ्टवेअर रोज रात्री स्नॅपशॉट घेऊन मूळ डिस्क वाचतं, मग स्नॅपशॉट काढतं आणि डेल्टा मुळात मिसळते. आमच्याकडे एका रात्री बॅकअप अर्ध्यात तुटला आणि आमच्या व्हीएमची मूळ डिस्क बॅकअपच्या मदतनीस व्हीएमला (बॅकअप हिच्यातून डिस्क वाचतो) जोडलेलीच राहिली. डिस्क लॉक असल्याने मिसळणं होईना. यादीतून नोंद पुसली जायची, फाइल तशीच राहायची. १९ रात्री, १९ फाइली. इशारा मला दिसला होता आणि मी तो पुढच्या आठवड्यावर ढकलला होता. ती चूक माझी.

लॉक कोणाकडे आहे ते ईएसएक्सआयच्या व्हीएमकेएफएसटूल्स या कमांडला कॅपिटल डी हा पर्याय देऊन कळतं. त्यात लॉक धरणाऱ्या होस्टचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा क्रमांक) दिसतो. आमच्याकडे होस्ट एकच, त्यामुळे मदतनीस व्हीएमच्या सेटिंगमध्ये पाहिलं, तर आमची डिस्क तिथे तिसऱ्या क्रमांकावर. ती काढताना 'डेटास्टोअरवरून फाइलही पुसा' असा एक चौकोन दिसतो. तो रिकामा आहे ना, हे मी तीनदा वाचून खात्री केली, मगच ओके दाबलं. तिथे खूण झाली असती तर मूळ डिस्क गेली असती, आणि मुळाशिवाय सगळ्या डेल्टा निरुपयोगी.

लॉक सुटला तरी मी कन्सॉलिडेट दाबलं नाही. ते मूळ डिस्कवरच लिहितं. जागा काठावर असताना मध्येच अडकलं, तर परतीला वाट राहत नाही. म्हणून नॅस (नेटवर्कवरची साठवणूक) डेटास्टोअर म्हणून जोडला, आधी अख्खा फोल्डर त्यावर उतरवला आणि मगच साखळी तपासली. प्रत्येक डिस्कची एक छोटी मजकूर-फाइल असते. तिच्यात स्वतःचा सीआयडी (डिस्कचा ओळख क्रमांक) आणि पालक डिस्कचा पॅरेंट-सीआयडी असतो. मूळ डिस्कच्या पॅरेंट-सीआयडीत आठ वेळा एफ. एकेक फाइल उघडून कागदावर जोड्या लिहिल्या. सातव्या फाइलचा पॅरेंट-सीआयडी सहाव्याच्या सीआयडीशी जुळत नव्हता. मूळ डिस्कला मधल्या काळात कोणी हात लावला नाही, हे लॉगमधून पाहून घेतलं, मग व्हीआय या एडिटरमध्ये तेवढी एक ओळ दुरुस्त केली. व्हीएमकेएफएसटूल्सच्या स्मॉल ई या पर्यायाने तपासल्यावर साखळी सुसंगत असल्याचं उत्तर आलं.

त्यानंतर शेवटची, ००००१९ क्रमांकाची डिस्क देऊन थिन क्लोन (फक्त वापरलेली जागा घेणारी नक्कल). मूळ आणि सगळ्या डेल्टा मिळून एकच नवी डिस्क बनते, जुन्या फाइलींना धक्का लागत नाही. ६०० जीबीच्या डिस्कला जवळपास सात तास लागले. रात्रभर कूलरच्या घरघरीत मी टक्क्यांचा आकडा पाहत बसलो. पहाटे नवी व्हीएम बनवली, नेटवर्क तोडून चालू केली, डेटाबेस तपासणारं डीबीसीसी चेकडीबी चालवलं. एकही चूक नाही. बिल्टीचा शेवटचा नंबर दिवाणजींच्या कागदावरच्या नंबराशी जुळला. ११ तारखेचा जीएसटीआर-१ (जीएसटीचं विवरणपत्र) वेळेत गेला.

आठ महिन्यांत या डिस्कने एकदाही दगा दिला नाही. सकाळचा थकबाकीचा रिपोर्ट साखळी असताना चार मिनिटं घ्यायचा, आता पाऊण मिनिटात येतो. त्रास झाला तो वेगळ्याच जागी. नव्या व्हीएमला नवा मॅक पत्ता मिळाला, विंडोजने जुनं कार्ड लपवून ठेवत 'हा आयपी आधीच वापरात' म्हटलं, आणि हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा परवाना पुन्हा सक्रिय करावा लागला. त्यात अर्धा दिवस गेला. शिवाय क्लोनला डिस्कवरच्या सगळ्या डेटाएवढी मोकळी जागा दुसरीकडे लागतेच. ती नसेल तर ही पद्धत तुमच्या कामाची नाही.

साखळीत ३२ स्नॅपशॉट चालतात, पण दोन-तीनच ठेवा आणि ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नका, ही व्हीएमवेअरचीच शिफारस. आता आमच्याकडे तीच पाळली जाते. रोज सकाळी ९ ला एक स्क्रिप्ट डेल्टा फाइली मोजून मेल पाठवते. ती फोल्डर बघते, स्नॅपशॉट मॅनेजरवर विसंबत नाही. डेटास्टोअरवर २० टक्के जागा कायम मोकळी. महिन्याच्या पहिल्या शनिवारी बॅकअपमधून व्हीएम उभी करून त्यातून एक बिल्टी छापतो. ते काम आता आमचा धाकटा सहकारी करतो. पहिल्या वेळी त्याचा हात थरथरत होता. "भाऊ, चुकलं तर?" मी म्हटलं, "ही नक्कल आहे, चुकू दे." डिसेंबरमध्ये एकदा मेलमध्ये शून्याच्या जागी एक आला, तेव्हा मी फोन करायच्या आधीच त्याने डिस्क सोडवलेली होती.

जुना फोल्डर, १९ फाइलींसकट, नॅसवर तसाच ठेवला होता. कर-ऑडिट होऊन सीएंची सही झाली, दिवाणजी "जुळलं सारं" म्हणाले, तेव्हा तो पुसला.