गीझरची कॉइल बदलून नऊ महिने झाले, त्याचा हिशेब

बसवल्याच्या आठवड्यातच हे लिहिलं असतं तर कौतुकाने पान भरलं असतं. पण नवी कॉइल पहिल्या आठवड्यात छानच चालते. याआधीचीही चालली होती आणि साडेसात महिन्यांत गेली. म्हणून या वेळी तो टप्पा ओलांडेपर्यंत गप्प बसलो.

गीझर 15 लिटरचा, भिंतीवर उभा टांगलेला, टाकी आतून काचेसारख्या लेपाची, कॉइल 2000 वॅटची. पाणी जड, साबणाला धड फेस येत नाही असं. मूळ कॉइल सहा वर्षं टिकली होती. ती गेल्यावर तांब्याची स्वस्त कॉइल आणली, तासाभरात बसवली आणि स्वतःवरच खूश झालो. टाकी साफ केली नाही, अ‍ॅनोड रॉड (टाकीला गंजापासून वाचवणारी धातूची कांडी) झिजून काडी झालेला होता तोच ठेवला, थर्मोस्टॅट पूर्वीसारखाच 75 अंशांवर. त्याचं फळ साडेसात महिन्यांनी मिळालं.

दुसरी गेली तीही सरळ गेली नाही. गीझर लावला की चार-पाच मिनिटं काही नाही, मग आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) पडायचा आणि घरभर अंधार. आईचा ठरलेला प्रश्न, "अरे, आता काय उघडून बसलास?" मी काहीच उघडलेलं नसायचं. मल्टीमीटर लावला तर दोन टर्मिनलमध्ये 26.8 ओहम. 230 व्होल्टवर 2000 वॅटच्या कॉइलचा रोध साधारण साडेसव्वीस ओहम यायला हवा, म्हणजे आकडा बरोबर. टर्मिनल आणि कॉइलच्या बाहेरच्या नळीच्या मधे तपासलं, तिथेही काही दाखवेना. मी आरसीसीबीवरच ठपका ठेवून मोकळा झालो. वायरमनने मेगर (जास्त व्होल्ट देऊन वीजगळती तपासणारा मीटर) लावला, 500 व्होल्ट दिले आणि गळती लगेच पकडली. साध्या मीटरची बॅटरी इतकीशी, शिवाय कॉइल थंड असताना बारीक चीर गप्प बसते. तापली, चिरेतून ओल आत गेली, की करंट अर्थिंगच्या वायरकडे जायला लागतो. कॉइल ठीक आहे असं मीटर सांगतो म्हणून आरसीसीबी काढून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. तो बिचारा आपलं काम करत असतो.

या वेळी इन्कोलॉयची कॉइल घेतली, म्हणजे बाहेरची नळी निकेल, लोखंड आणि क्रोमियमच्या मिश्रधातूची. आतली रचना तीच: मधे नायक्रोमची तार आणि तिच्याभोवती ठासून भरलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी. ही भुकटी उष्णता बाहेर जाऊ देते, वीज जाऊ देत नाही, पण ओल लागली की तिचं हे दुसरं काम संपलं.

काढताना सगळ्यात जास्त वेळ गेला तो पाणी उतरवण्यात. गरम पाण्याचा नळ उघडला की टाकी रिकामी होते, अशी माझी समजूत होती. होत नाही. गरम पाणी बाहेर नेणाऱ्या नळीचं तोंड आत टाकीच्या वरच्या टोकाला असतं, त्यामुळे खालून थंड पाण्याचा दाब बंद झाला की बाहेर येणंही थांबतं. टाकी रिकामी करायची तर थंड बाजूने, सेफ्टी व्हॉल्व्हची दांडी वर करून. ती केली तर चार थेंब पडले आणि थांबले. पंधरा मिनिटं मी व्हॉल्व्ह चोंदला म्हणून त्याला टोचत बसलो. मग ध्यानात आलं, आत हवा जायला वाट कुठे आहे? गरम नळ उघडल्याबरोबर गुडगुड आवाज झाला आणि धार लागली. बादली एकच आणली होती, पुढचं सांगत नाही.

फ्लँजचे, म्हणजे कॉइल जिच्यावर बसते त्या तळाच्या तबकडीचे, नट सुटले आणि कॉइलबरोबर गाळाचा ढीग खाली आला. दोन ओंजळी तरी असेल, ओल्या चुन्यासारखा, मधेमधे अंड्याच्या कवचासारखे तुकडे. कॉइलचा खालचा वाकलेला भाग या गाळात पुरलेला होता, आणि चीर नेमकी तिथेच, नखाएवढी. तिच्यातून पांढरी भुकटी बाहेर डोकावत होती. वरचा भाग जवळजवळ स्वच्छ. दुसरी कॉइल इतक्या लवकर का गेली ते तिथे उभ्या उभ्या समजलं. जुन्या कॉइलचा झडलेला क्षार मी टाकीतच ठेवला होता आणि नवी कॉइल त्यात खोचली होती.

क्षारांमुळे वीजबिल वाढतं, असं जो तो सांगतो. मला ते फारसं पटत नाही. कॉइलची उष्णता जाणार कुठे? थर कितीही असला तरी शेवटी ती पाण्यातच उतरते. नुकसान होतं ते कॉइलचं. थरामुळे उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो आणि आतली तार नको तितकी तापते. दुसरी गंमत थर्मोस्टॅटच्या नळीची. तीही कॉइलबरोबर गाळात अडकते, तिला सगळीकडे गरमच वाटतं आणि ती आधीच वीज तोडते. आमचा दिवा शेवटी शेवटी बारा मिनिटांत विझायचा आणि अर्धी बादली कोमट. गणित केलं तर 15 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 वर न्यायला 2000 वॅटला साधारण 18 मिनिटं लागतात, त्याहून लवकर दिवा विझला तर खूश व्हायचं कारण नाही. नवी बसवल्यावर आम्हाला 20 मिनिटं लागली. आजही 20-21च लागतात.

टाकी आतून पाण्याने तीन-चार वेळा विसळली, लाकडी चमच्याने गाळ ओढला. स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका, आतला लेप गेला तर टाकीच गेली. अ‍ॅनोड रॉड नवा टाकला, तो टाकीऐवजी स्वतः झिजतो. रबरी गॅस्केटही नवंच. जुनं हाताला मऊ लागलं तरी ते दाबून बसलेलं असतं. नट समोरासमोरचे थोडेथोडे आवळायचे. मी आवळले, तरी दुसऱ्या दिवशी खाली एक थेंब लोंबत होता. एमसीबी (गीझरच्या लाइनचा स्विच) पाडून, गार झाल्यावर पाव फेरा दिला, मग आजवर कोरडं आहे.

आणि आधी पाणी, मग वीज. गरम नळातून हवा न फुरफुरता सरळ धार येईपर्यंत एमसीबीला हात लावायचा नाही. माझ्या मेहुण्याने रिकाम्या टाकीत बटण दाबलं होतं, नवी कोरी कॉइल मिनिटाभरात जळाली. तो विषय घरात काढायची सोय नाही.

आता तक्रारी. कॉइल तांब्याच्या मानाने बरीच महाग आहे. तिच्या टर्मिनलच्या पट्ट्या मात्र पातळ. तिसऱ्या महिन्यात झाकण उघडलं तर एका वायरचं टोक तपकिरी झालेलं, कारण लग (वायरच्या टोकाला दाबून बसवायचा धातूचा तुकडा) सैल बसला होता. पावणेनऊ अँपिअर सैल जोडातून गेले की तिथेच तापतं. नवा लग दाबून बसवला, ते थांबलं. ही चूक कॉइलची की माझ्या पकडीची, हे पन्नास-पन्नास टक्के धरा. आणि या नळीवर क्षार बसतच नाही असं काहीजण छातीठोकपणे सांगतात, ते खोटं आहे. चौथ्या महिन्यापासून तापताना बारीक सूं-सूं ऐकू यायला लागलं. सहाव्या महिन्यात उघडून पाहिलं: दुधाच्या सायीएवढा थर, अंगठ्याने चोळल्यावर निघाला. तांब्यावरचा असा निघत नव्हता. पण यात श्रेय कॉइलचं किती आणि थर्मोस्टॅट 60 वर आणल्याचं किती, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पाणी जितकं जास्त तापवाल तितका क्षार जास्त सुटतो, हे नक्की. 60 च्या खाली मात्र आणलं नाही, साठलेल्या कोमट पाण्यात लेजिओनेला हे फुप्फुसांचा आजार करणारे जीवाणू वाढतात.

"मोठी टाकली असती तर लवकर तापलं असतं ना?" हे धाकट्या भावाने विचारून झालं. 3000 वॅटची घेतली की 13 अँपिअर. वायर, बटण, थर्मोस्टॅट, सगळं 2000 च्या हिशेबाने बसवलेलं. दर वेळी सहा मिनिटं वाचवण्यासाठी ते सगळं बदलावं असं मला नऊ महिन्यांत एकदाही वाटलं नाही.

परवा पुन्हा खाली उतरवून पाहिलं. कॉइल ठीक, मेगरवर गळती नाही, तळाला चमचाभर गाळ. अ‍ॅनोड रॉड मधे उंदराने कुरतडल्यासारखा खाल्ला गेलाय, अर्धा शिल्लक असेल. नवा आणून गीझरच्या वर ठेवलाय, दोन जादा गॅस्केटसकट, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने उघडल्याच्या तिन्ही तारखा लिहिल्या आहेत. बादल्या आता दोन आणतो.