नो मॅन्स स्काय: टर्मिनल वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका
२०१६ ला आलेला, अंतराळात ग्रहांवर फिरायचा हा व्हिडिओ गेम आता घ्यावा का, तर हो, नक्की घ्या, ग्रह भारी आहेतच पण खरी मजा लपलेल्या स्टोरीत आहे. ओसाड बिल्डिंगमधल्या टर्मिनलवरचे (म्हणजे कॉम्प्युटरवरचे) लॉग, म्हणजे जुन्या नोंदी, नीट वाचत गेलं की कळतं अख्खं विश्व ॲटलस नावाच्या मशीनचं सिम्युलेशन आहे आणि ते मशीनच मरायला टेकलंय, त्याच्याकडे १६ मिनिटंच उरलीत, गेममध्ये १६ आकडा सारखा येतो तो त्याचमुळे. इथून फॅन थिअरीज सुरू, ट्रॅव्हलर (म्हणजे आपण खेळतो ते पात्र) ॲटलस बनवणाऱ्याचीच कॉपी का, सेंटिनल (ग्रहांवर पहारा देणारे रोबो) नक्की कोणाला वाचवतायत वगैरे. मला पहिली जास्त पटते. गेक या एलियन जमातीने कोरव्हॅक्स या दुसऱ्या जमातीला गुलाम केलं होतं हे वाचल्यावर तर त्या गोंडस गेककडून सामान घेताना कसंतरीच होतं. स्टोरी तुकड्यातुकड्यांत मिळते, त्यामुळे धीर हवा.