मोठ्या टाइपाचं मराठी पवित्र शास्त्र: घेतलं आईसाठी, वाचतोय मी

बायबल सोसायटी ऑफ इंडियाचं मोठ्या टाइपातलं मराठी पवित्र शास्त्र बेळगावात कॅम्पातून आणलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनसुद्धा जुन्या प्रतीतली बारीक अक्षरं आईला दिसत नव्हती. ही मात्र ती ट्यूबलाइटखाली बसून सहज वाचते. शाळेत कन्नड आणि इंग्रजी शिकणारी माझी मुलगीही बोट ठेवून वाचते. आमच्या घरात रोज उघडलं जाणारं मराठी पुस्तक हे एकच.

ग्रंथ जड आहे. देवळात, म्हणजे चर्चमध्ये, घेऊन जायला लहान प्रत बरी, हा घरीच राहू द्या.

मी उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला आहे. ओव्हरटाइम करून घर झालं, गाडी झाली. पोट भरलेलं असायचं, तरी रात्री झोप लागायची नाही. कशाची तरी ओढ असायची. पैशाची नव्हती, एवढं मात्र कळत होतं. आईला वाचून दाखवता दाखवता योहानाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय लागला. देवळात त्यातला तुकडाच ऐकायला मिळतो. इथं ७१ ओव्या एका बैठकीत झाल्या आणि ती हकिकत मला पहिल्यांदाच सलग कळली.

जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासे यांत पाच हजार माणसं जेवली. दुसऱ्या दिवशी तीच माणसं येशूला शोधत कफर्णहूमला पोचली. आईनं मला मधेच थांबवलं.

"परत कशाला आली रं ती?"

"पोटभर भाकरी मिळाली म्हणून. येशूच तसं म्हणतोय."

"मग आपण बी त्यातलीच की."

पुढचं वाचताना माझा आवाज बसला. मी आजवर प्रार्थनेत पगारवाढ मागितली, आईचं ऑपरेशन नीट व्हावं म्हणून मागितलं, घरासाठी मागितलं. ते सगळं त्यानं दिलं. पण मीच जीवनाची भाकर आहे, असं तो म्हणतो तेव्हा तो स्वतःलाच देतोय, आणि ते मी कधी मागितलंच नव्हतं. हे बोलणं कठीण वाटून बरेच शिष्य त्याला सोडून गेले. पेत्र हा शिष्य राहिला, कारण दुसऱ्या कुणाकडे जावं असं त्याला कोणी दिसेना. आता माझी प्रार्थना तिथून सुरू होते.

मिशनरी विल्यम केरींचा मराठी नवा करार बंगालमधल्या श्रीरामपूरहून (सेरामपूर) १८११ साली निघाला आणि जोसेफ टेलर १८२० मध्ये लंडन मिशनतर्फे बेळगावात आले. आपल्या भाषेत हे वचन इतकं जुनं आहे. तरी आमच्या वयाची कामगार मंडळी ते कपाटात ठेवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

माझ्या प्रतीत ६६ पुस्तकं आहेत. कॅथलिक वाचकांनी आपल्या यादीतली जादा पुस्तकं आहेत का, ते आधी विचारून घ्यावं. दुकानात पान उघडून घरच्या वडीलधाऱ्यांना दोन ओळी वाचायला सांगा, मगच टाइप ठरवा.